पायऱ्या नसलेलं घर

कॉव्हेंट्री,
रविवार, १२ मार्च २००६

ती. वन्संना,

सुलक्षणाचा नमस्कार. शशिधररावांनाही सांगा, आणि त्यांच्या पाठीला माझा विशेष नमस्कार. शेकताहेत ना रोज?

आता पत्र का, ते सांगते. फोन केला की तुम्ही "हं, पदू आहे का?" एवढंच विचारता, आणि भाऊ घरात नसला तर "बरं" म्हणून ठेवून देता. दोन वर्षं आपलं बोलणं एवढंच. पत्राचं तसं होत नाही. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि मी तुम्हाला ओळखते, हातात घेतलंत की वाचाल. वाचून झाल्यावर खुशाल फाडा.

जूनच्या सुट्टीचं घर ठरवायचंय. ह्यांनी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही "बघू" म्हणालात. तुमचं "बघू" म्हणजे "नाही", हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. यंदा ते चालणार नाही. तुम्ही दोघांनी यायचंय. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघंच डेव्हनला जाऊन आलो. आठवडाभर समुद्राकाठी बसून तुमचे बंधू तुमच्याच गोष्टी सांगत होते. वेंगुर्ल्याच्या बंदरावर तुम्ही दोघं पैज लावायचात, परतणारी होडी आधी कोणाला दिसते, आणि दर वेळी ताईच जिंकायची. इतक्या वेळा ऐकलंय की आता मलाच वाटतं, मीही होते तिथे.

तर घर. दिवाळीत तुम्ही ह्यांना मासिकातलं कात्रण पाठवलंत, "जायचं तर इथे, आणि स्वयंपाक मी करीन" असं वर लिहून. टोमणा पोचला बरं का. पण घर सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? ग्रीसचं बेट, पांढऱ्या भिंती, निळी दारं, गच्चीवर बोगनवेल. मी तेव्हाच एजन्सीला फोन लावला. फोनवरच्या मुलीला विचारलं, समुद्र किती लांब? म्हणाली, "जस्ट अ फ्यू स्टेप्स, माय लव्ह." फ्यू म्हणजे किती, ते काही सांगेना. मी तिच्या मॅनेजरला गाठलं. त्यानं बराच वेळ खोकून कबूल केलं, की घर कड्यावर आहे आणि समुद्र कड्याखाली. म्हणजे रोज पर्वती उतरायची आणि भिजल्या टॉवेलसकट परत चढायची. कठडाही सगळीकडे नाही म्हणे.

दुसरं घर मी शोधलंय. पोर्तुगालचा दक्षिण किनारा, पार पूर्वेचं टोक, स्पेन हाकेच्या अंतरावर. गाव पोळपाटासारखं सपाट. इमारत दिसायला अगदी साधी, आपल्या इथल्या कौन्सिलच्या फ्लॅट्सची बहीण शोभेल अशी, म्हणून फोटो पाठवत नाही, तुम्ही नाक मुरडाल. पण तळमजला. दारातून बाहेर पडलं की उंबरठाही नाही, सरळ फरसबंदी रस्ता आणि पलीकडे वाळू. बाथरूममध्ये टब नाही, शॉवर आहे आणि धरायला दांडी आहे. मी सगळं विचारून घेतलं. पॅसेजमध्ये दिवा आहे का? टेरेसचं दार काचेचं असेल तर त्याच्यावर काही पट्टी-बिट्टी आहे का? खोल्यांमध्ये मधेच एखादी पायरी नाही ना? तो पोर्तुगीज मालक बिचारा शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्ही घर भाड्यानं घेताय की विकत?"

तुम्ही म्हणाल, हिला कधीपासून पायऱ्यांचं वावडं? माझे गुडघे ठणठणीत आहेत. परवाच लायब्ररीतल्या जुन्या मैत्रिणींबरोबर पीक डिस्ट्रिक्टमध्ये डोंगर चढून आले. हल्ली गाडीही मीच चालवते, अगदी तुमच्या हॅरोपर्यंत आण म्हणालात तर आणीन. तेव्हा माझ्या म्हातारपणाचा हा विषय नाही.

हे हाक मारताहेत. चहाची वेळ झाली. उरलेलं उद्या.

सोमवार, सकाळ

हे बसनं गावात गेलेत. हो, बसनं. तुमचा भाऊ, ज्यानं इंग्लंडात आल्यावर कपड्यांच्या आधी गाडी घेतली, तो आता बसचा पास गळ्यात अडकवून जातो. कालचं पत्र वाचून पाहिलं. चार पानं घर-घर करून मुद्द्याला मी बगल दिली आहे. असलं लिहिणं मला शोभत नाही. त्यांनी मला शपथ घातली आहे. मी ती आता मोडते. मोडल्यानं जे काय व्हायचं ते माझं होऊ दे.

वन्सं, ह्यांना काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, उजवीकडे जास्त.

घाबरू नका, आधी पूर्ण वाचा. ते आंधळे झालेले नाहीत आणि होणारही नाहीत, मी होऊ देणार नाही. रोज झोपताना डोळ्यांत थेंब घालतात. घालतात म्हणजे मी घालते, कारण स्वतः घातले की ते निम्मे गालावर. अर्ध्या कॉव्हेंट्रीच्या मोडक्या कमरा ज्या माणसानं सांधल्या, त्याला स्वतःच्या डोळ्यात एक थेंब नेम धरून टाकता येत नाही! गेलं ते परत येत नाही, आहे ते राखता येतं, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही राखतोय.

कळलं कसं, तर मंडळाच्या गणपतीत. आरती झाल्यावर स्टेजवरून उतरताना शेवटची पायरी चुकली आणि हे प्रसादाच्या ताटासकट खाली. सगळे हसले, हेही हसले. मग गाडीचा उजवा आरसा गेला. मग आमच्याच गेटचा खांब. दर वेळी खांबाचीच चूक! शेवटी मी ओढून ऑप्टिशियनकडे नेलं. तिनं मशीनसमोर बसवलं, ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाली. मी मागे उभी होते. ठिपके येत होते, जात होते, आणि ह्यांचा अंगठा हलत नव्हता. मला त्या क्षणी रडू आलं, तुम्हाला म्हणून सांगते. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता ज्यासाठी शपथ मोडली ते.

ह्या आजारात म्हणे डोळ्यांपुढे अंधार येत नाही. जे दिसत नाही, ते दिसत नाही हेच कळत नाही. मेंदू आपला आजूबाजूचा रंग घेऊन ती जागा भरून टाकतो आणि माणसाला वाटतं, समोर सगळं रिकामं आहे. डॉक्टरांनी हे समजावलं आणि लगेच विचारलं, भावंडं किती? हे म्हणाले, एक मोठी बहीण. "त्यांना लवकर तपासून घ्यायला सांगा, हे घराण्यात असतं." हे हो म्हणाले. ती गोष्ट नोव्हेंबरची. तेव्हापासून रोज ठरवतात, आणि फोनवर तुमच्याशी क्रिकेट बोलतात. "ताई रडेल. जूनमध्ये समोर बसून सांगेन." अहो, जून यायला केवढा अवकाश आहे! आणि तुम्ही तर "बघू" म्हणून बसलेल्या.

मी घरी येऊन ओट्याशी उभी राहिले आणि मला आपला कुकर आठवला.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आपण चौघं स्पेनला गेलो, तिथल्या घरात खिचडी लावली होती. स्वयंपाकघर काडेपेटीएवढं, वाफेनं धुराचा अलार्म कोकलायला लागला, म्हणून मी गरम कुकर उचलून टेरेसच्या दाराशी ठेवला, डाव्या अंगाला. तुम्ही कोशिंबिरीचं भांडं घेऊन आलात आणि थेट त्याच्यावर. मनगट मोडलं. तुम्ही जमिनीवरूनच ओरडलात, "मुद्दाम ठेवलास वाटेत!" आणि मी म्हटलं, "पाच लिटरचा कुकर कोणाला दिसत नाही? नाटकं नुसती." त्यानंतर आपण बोललो नाही.

दुसरी गोष्ट, ह्यांच्या रिटायरमेंटच्या जेवणाची. तुम्ही आलात, पदूसाठी आलात. मी सकाळपासून खपून पानं वाढली. तुम्ही भर पंगतीत म्हणालात, "मीठ वाढायचं राहिलंय." मीठ वाढलेलं होतं, वन्सं. मी सगळ्यांत आधी मीठच वाढते, माझ्या आईनं तसंच शिकवलंय. उठलात तेव्हा तुमच्या पानातली डावी बाजू जशीच्या तशी. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, बोटही लागलं नव्हतं. उजवीकडची भाजी मात्र दोनदा मागून घेतलीत. मला वाटलं, माझा अपमान करायचा म्हणून मुद्दाम. आठ दिवस धुमसत होते. ह्यांच्याशीही नीट बोलले नाही.

त्या मशीनसमोर हलत नसलेला अंगठा पाहिला आणि मग ते पान मला पुन्हा दिसलं.

मी डॉक्टर नाही. चुकत असेन. पण मला वाटतं, तुम्ही नाटक केलं नव्हतं. तुम्हाला तो कुकर खरंच दिसला नव्हता. आणि मी तो मुद्दाम ठेवला नव्हता, देवाशपथ. एवढी एक शपथ तरी माझी शाबूत आहे. म्हणजे बघा, दोघीही खऱ्या होतो आणि दोन वर्षं भांडत राहिलो.

तेव्हा ह्या आठवड्यात जायचं. हॅरोच्या हाय स्ट्रीटवर ऑप्टिशियन ढिगानं आहेत. भावाला काचबिंदू आहे, हे वाक्य आत शिरताच सांगायचं, म्हणजे ते नुसतं वाचायला लावून सोडणार नाहीत, ते ठिपक्यांचं मशीनही करतील. साठीच्या पुढे तपासणी फुकट आहे, आणि फुकटचं सोडलेलं मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. एकट्या जायचं नसेल तर सांगा, मी गाडी घेऊन येते. ऑप्टिशियनकडे कोण कोणाशी बोलत नाही, हे कोणी विचारत नाही.

आणि ह्यांना तुम्ही आपणहून फोन करा. "सुलक्षणानं सांगितलं" असं बेलाशक म्हणा. चिडतील, दार आपटतील, संध्याकाळी भजी करीन. ओझं मात्र उतरेल त्यांच्या डोक्यावरचं. तुमच्यापासून त्यांनी आयुष्यात काही लपवलेलं नाही, त्यांना ते जमत नाही, दिवसेंदिवस गप्प होत चाललेत.

आता घराचं शेवटचं सांगते. मी दोन्ही घरं महिनाअखेरपर्यंत राखून ठेवायला सांगितली आहेत. ग्रीसवाल्याला सांगितलं, माझ्या नणंदेचा निकाल यायचाय. त्याला वाटलं, परीक्षा दिली आहे. तुमचे डोळे चांगले निघाले तर आपण ग्रीसला जायचं. तुमचं पांढरं घर, तुमची बोगनवेल, तुमचा स्वयंपाक, आणि त्या सगळ्या पायऱ्या. ह्यांचा हात धरून मी त्यांना वर-खाली करीन, आणि तुम्ही पुढून "बघ, सुलक्षणा, म्हणे दिसत नाही मला!" असं मला जन्मभर ऐकवा. वन्सं, तुमच्याशी एवढी भांडले, पण हरावंसं कधी वाटलं नव्हतं. यंदा मला हरायचंय.

आणि नाहीच, तर सपाट गाव आहेच. तिथे संध्याकाळी होड्या परत येतात, मी मालकाला तेही विचारलंय. भाऊ-बहीण पैज लावा. कुकर मी नेणार आहे, पण ओट्यावरून खाली उतरणार नाही.

ह्यांना उजवीकडचं दिसत नाही, म्हणून मी त्यांच्या उजव्या हाताला चालते. तुम्हाला डावीकडचं दिसत नसेल, तर तुमच्या डाव्या हाताला मी. रस्ता रुंद आहे. तिघं शेजारी-शेजारी मावतो.

तुमच्या दोघांच्या मधे चालणारी,
सुलक्षणा