गाळलेल्या पाण्याची बाटली

१४ ऑक्टोबर

ती. ताईस नमस्कार,

मी ठीक. खोकला गेला. तू विणलेला स्वेटर अंगाला बरोबर बसतो, पण आमच्या शेडमध्ये तो घालणं म्हणजे उकडून मरणं.

‘यांची खुर्ची निदान घरातच राहिली,’ असं तू लिहिलंस. ताई, भावजींच्या त्या खुर्चीत मला बसवत नाही. समोर यंत्रांचे काटे आणि दिवे, मागे भिंत, खिडकी नावालाही नाही. डबासुद्धा उभ्यानेच खातो. पोरं म्हणतात, ‘नव्या साहेबांना गळू झालंय वाटतं.’

भावजींवर नेमका कसला ठपका आहे, ते तू विचारलंस. जमिनीखालून उकळतं खारं पाणी येतं, त्याच्या वाफेवर वीज होते आणि उरलेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून परत जमिनीत सोडतात. त्याआधी त्यातला गाळ काढायचा. पिठासारखा बारीक असतो, पण तसाच खाली गेला तर खडकाच्या भेगा बुजतात. म्हणून रोज गाळलेल्या पाण्याची एक बाटली भरायची, ती कागदातून ओतायची, कागद वाळवून तोलायचा, आकडा वहीत लिहायचा. खाली भावजींची सही. वहीत सगळे आकडे चांगले आणि विहीर मात्र बुजली. मग सही करणारा घरी बसला.

‘असं कुणी केलं असेल रे?’ तू विचारतेस.

उन्हाळ्यात गाळणीची कापडं दगडासारखी कडक झाली. ती वेळेवर धुवून घेणं माझं काम होतं आणि मी ते टाळलं होतं. नवी यायला तीन आठवडे. मी कुणाला न सांगता बाजूचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी न गाळताच खाली जाऊ लागलं. बाटली मी थंड झालेल्या वाफेच्या स्वच्छ पाण्याने भरायचो. कागद अगदीच कोरा राहू नये म्हणून वरून खाऱ्या पाण्याचे चार थेंब. भावजी म्हणायचे, ‘तुझं अक्षर दिसलं की मला बघावं लागत नाही.’

तो मीच, ताई.

चौकशीत मला कुणी काही विचारलंच नाही. आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो, आणि हातात बढतीचं पत्र पडलं. आता इथे बसवत नाही आणि सुटताही येत नाही. भावजींचा फोन आला की ते मलाच धीर देतात!

त्या दिवसांत खाली जाणाऱ्या खऱ्या पाण्याचेही कागद मी चोरून काढत होतो. आपण किती बिघडवतोय ते बघायला असेल. एकवीस आहेत, तारखांसकट. माझा लेखी जबाबही जोडलाय. माझ्याजवळ ठेवले तर कधीतरी जाळून टाकीन, माझा मला भरवसा नाही.

सगळं भावजींच्या हातात दे. त्यांना ते मोठ्या साहेबांकडे नेऊ दे. नोकरी जाईल, कदाचित तेवढ्यावर भागणारही नाही. तू मध्ये पडू नकोस. ‘लहान आहे, जाऊ द्या’ असं तर मुळीच म्हणू नकोस. मी चाळीस वर्षांचा आहे.

ज्याला तू जन्मभर पाठीशी घातलंस,
तो तुझा धाकटा