सहाव्या भागातला समुद्र

बुधवार, ११ ऑक्टोबर २००६, संध्याकाळ

गलबतांच्या गेमचा सहावा भाग म्हणजे निव्वळ फसवणूक. पहिल्या भागांत वादळाआधी पाणी काळवंडायचं, मग आपण शिडं उतरवायचो. आता पाणी नुसतं चकचकीत. खूण नाही, काही नाही, गलबत सरळ तळाला. कॉलेज सोडलं, पण हा गेम सोडला नाही मी. पाणी काळं करणं एवढं जड होतं त्यांना?

त्याच रागात दुपारी सायबर कॅफेतून बाहेर पडलो. समोरून रेश्माचे बाबा जाळं घेऊन होडीकडे निघालेले, मागून डबा घेऊन रेश्मा. ती दिसली की मला काही सुचत नाही. तोंडातून निघून गेलं, "काकानू, खंय चललात?"

"शिरा पडो तुझ्या तोंडार! दर्यार जाणाऱ्याक खंय म्हणान विचारतत?" ते थुंकले. तरी होडी लोटलीच.

मच्छीमाराचा पोर मी, दर्यावर निघालेल्याला 'कुठे' विचारणं अपशकुन, हे मला कळू नये? डोकं त्या चकचकीत पाण्यातच होतं. की तिच्यात?

रेश्मा एवढंच म्हणाली, "बाबा येयपर्यंत माका तोंड दाखवू नको."

आता वारा उठलाय. आई खिडक्या लावतेय. बाकीच्या होड्या परतल्या म्हणे. त्यांची आली का, ते किनाऱ्यावर जाऊन बघताही येत नाही. तिथे ती उभी असेल.