पिवळं निशाण

१९ फेब्रुवारी २००८
बोटीवरून

प्रिय श्रीरंग,

सप्रेम नमस्कार. हसू नकोस. संसारात मी तुला कधी नमस्कार घातला नाही, पण पत्र लिहायला घेतलं की हात आपोआप तसा वळतो. तू बरा असशील. कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालतोस ना? आपल्या चँडलर गावची कोरडी हवा त्याला सोसत नाही. आणि डब्यात रोज ब्रेड नेऊ नकोस, नव्या ऑफिसातले लोक म्हणतील बायकोनं टाकलं वाटतं.

इकडे सगळं छान आहे. डोलोरेसचा गुडघा कुरकुरतो, पण बाई ऐकत नाही. वाळवंटात राहून कॅरिबियन समुद्रात बोट ठेवणारी ही गणिताची मास्तरीण आपल्या शेजारी आली, हे माझं नशीब की तुझं दुर्दैव, ते आपण नंतर ठरवू. तिनं मला ॲरिझोनातल्या तळ्यावर शीड धरायला शिकवलं, तेव्हा तू म्हणाला होतास, नागपूरकरांनी अंबाझरी तलावाच्या पुढे पाण्यात जाऊ नये. आठवतंय?

इथल्या बोटवाल्यांची एक रीत मला फार आवडली. संध्याकाळी नांगर टाकला की लोक काहीतरी खायचं घेऊन एकमेकांच्या बोटीवर जातात. ओळख लागत नाही. सेंट जॉनला, अमेरिकेच्या हद्दीतल्या त्या शेवटच्या बेटावर, पहिल्याच संध्याकाळी मी पोह्यांना फोडणी घातली आणि रबरी होडी वल्हवत एक पोट्टा आला.

"मावशी, आय स्मेल्ड हिंग! आर यू फ्रॉम पुणे?"

"नागपूर."

"क्लोज इनफ," म्हणाला आणि चढलाच वर.

हा देवांग. जन्म न्यू जर्सीतला, आईवडील एडिसनला. कॉम्प्युटरचं शिक्षण अर्धवट टाकून हा पर्यटकांना शिडाच्या बोटीतून फिरवतो. वडिलांनी त्यापायी बोलणं टाकलंय, आई दर रविवारी फोन करते. तो मराठी बोलतो ते सगळं आईचं, म्हणून बाईसारखं बोलतो. "मी दमले, मावशी," म्हणतो आणि आम्ही दोघं पोट धरून हसतो. रोज यायचा. वारा कसा वाचायचा ते मला त्यानंच शिकवलं.

वर मी गावाचं नाव घातलेलं नाही. ते तू पहिल्याच ओळीत पाहिलं असशील आणि तेव्हापासून वाचताना तुझ्या कपाळावर आठी असेल. सांगते. काल संध्याकाळी तू फोनवर विचारलंस, "कुठे आहेस?" आणि मी म्हटलं, "सेंट जॉनलाच." ते खोटं होतं.

काल सकाळी रेडिओवर देवांगचा आवाज आला. पर्यटकांना उतरवून तो एकटाच परतत होता. वाटेत नांगर उचलताना साखळीत त्याचा उजवा हात चिरडला. रक्त थांबत नव्हतं, नांगर सुटला होता आणि बोट खडकांकडे सरकत होती. सगळं इतक्या सावकाश सांगत होता की मला त्याचीच भीती वाटली. सगळ्यात जवळ आम्ही होतो. पण तो खाडीपलीकडे होता, ब्रिटिशांच्या बेटाजवळ.

वकिलांनी आपल्याला समोर बसवून सांगितलं होतं, तुला आठवतंय. माझा जुना व्हिसा संपलाय, तेव्हा परवानगीचा कागद येईपर्यंत अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं, तर ग्रीन कार्डचा अर्ज सोडून दिला असं धरतात. माझा अर्ज गेला की त्याला बांधलेला तुझाही जातो. म्हणून तर फक्त अमेरिकेच्या पाण्यात फिरायचं, असं डोलोरेसनं निघताना तुला वचन दिलं होतं.

तिनं इंजिन सुरू केलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हनी, माझ्या गुडघ्यानं मला त्याच्या बोटीवर उडी मारता येणार नाही. तू सांग."

मी विचार केला असं लिहिलं तर तेही खोटं होईल. मी "चल" म्हटलं. नकाशाच्या पडद्यावर हद्दीची तुटक रेघ होती, ती आमच्याखालून मागे गेली. काहीही झालं नाही. पाण्याचा रंगसुद्धा बदलला नाही.

उडी मारली. तुझा तो निळा टॉवेल त्याच्या हाताला करकचून बांधला आणि त्याची बोट खडकांपासून ओढून काढली. कशी, ते मला सांगता येणार नाही. सुकाणू धरून डोलोरेसच्या मागे मागे इथल्या बंदरात आणली. धक्क्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. तिथून त्याला नेलं.

परक्या देशात आलेली बोट पिवळं निशाण लावते. कप्तानानं कचेरीत जाऊन पासपोर्टांवर शिक्के मारून आणेपर्यंत बाकी कुणी जमिनीवर पाय ठेवायचा नाही. माझ्या आईच्या भाषेत, बोट बाहेर बसते. डोलोरेस स्वतःचा शिक्का मारून घेऊन दवाखान्यात गेली. मी कालपासून या निशाणाखाली बसले आहे. इथला अधिकारी भला माणूस आहे, जखमी माणसासाठी म्हणून मला दोन दिवस उतरू देतो म्हणाला. पण शिक्का मारूनच.

आज सकाळी डोलोरेस हळूच म्हणाली, "तुझं नाव अजून कुणी कागदावर लिहिलेलं नाही. तू म्हणशील तर आत्ता तुला परत सोडते. तू इथे आलीच नव्हतीस."

श्रीरंग, माझा जीव त्या वाक्यात अडकला. तू सहा वर्षं माझ्या व्हिसावर घरी बसलास. पूल बांधणारा माणूस तू, माझे डबे भरलेस आणि पार्टीत लोकांनी विचारलं की हसून विषय बदललास. ऑक्टोबरात तुला कामाची परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी तू ऑफिसचं ओळखपत्र घरातूनच गळ्यात घालून निघालास, ते मी खिडकीतून पाहिलं. तुला माहीत नाही. ते तुझ्या गळ्यातून निघणार, आणि मी न विचारता काढणार. या विचारानं मला अन्न गेलेलं नाही.

मी डोलोरेसला "थांब, सांगते" म्हटलं. तेवढ्यात देवांगचा फोन वाजला. तो माझ्याकडेच राहिला होता. पडद्यावर 'आई' लिहिलेलं. त्याच्या आई, सुलभाताई, विमानतळावर होत्या, उद्या पोचतील. आज दुपारी ऑपरेशन आहे, हात राहील की नाही ते डॉक्टर आधी सांगत नाहीत. मी कोण, कुठली, काहीही न विचारता त्या म्हणाल्या,

"तुम्ही त्याच्याजवळ आहात ना हो?"

मी म्हटलं, "हो. त्याच्या उशाशीच आहे."

एका दिवसात दोन माणसांना मी कुठे आहे ते खोटं सांगितलं. तुला सांगितलेलं आता खरं करता येत नाही. चोरून परत आले, तरी पुढे ग्रीन कार्डच्या मुलाखतीत साहेब विचारेल, मध्ये देशाबाहेर गेला होतात का? तेव्हा शेजारी बसून तुलाही माझं खोटं गिळावं लागेल. सुलभाताईंना सांगितलेलं मात्र अजून खरं करता येतं.

फोनवर हे सांगितलं असतं तर तू लगेच "होईल काहीतरी" म्हणाला असतास आणि मीही मान डोलावली असती. मला तसं नको आहे. तू चीड. भांडी आपट. मी परत येईन तेव्हा, आणि कुठून येईन ते मला माहीत नाही, तू दार उघडून माझ्यावर ओरडलास तरी चालेल. फक्त दार उघड.

पलीकडच्या बोटीवरची बाई फेरीनं सेंट थॉमसला चालली आहे, तिच्या हाती हे तिथून टपालात टाकायला देते. शिक्क्यासाठी पासपोर्ट पर्समध्ये टाकला आहे. निशाण उतरवायला डोलोरेस त्याची दोरी सोडते आहे. दुपार व्हायला आली.

तुझीच,
सुलेखा

रोड टाउन, टॉर्टोला.
अमेरिकेबाहेर.