अठरा पौंडांचं मचाण

प्रिय आई,

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे, लाकडाच्या गिरणीतलं काम नियमित चालू आहे. बाबांची कंबर आता कशी आहे?

शनिवारपासून हरणांचा हंगाम. आपल्याबरोबर झाडावर चढवत न्यायचं दोन भागांचं मचाण मी शेवटी घेतलं. दुकानात दोन होती. एक रुंद, बसायला आरामाचं, पण तीस पौंड वजनाचं, दुसरं अठराचं. घरी बाबा आणि मी ओझं वाटून घ्यायचो. इथे सगळं एकट्याच्या पाठीवर, म्हणून हलकं घेतलं. दुकानवाल्या टिडवेलबाई म्हणाल्या, "चौथ्यांदा उचलून बघतोयस! मचाण घेतोयस की बायको करतोयस?"

तू काळजी करू नकोस. कमरेचा पट्टा जमिनीवरच झाडाला बांधीन. वरचा आणि खालचा भाग दोरीने जोडलाय, म्हणजे पायाखालचा निसटला तरी तो खाली पडणार नाही. बंदूक रिकामी ठेवून मागाहून दोरीने वर ओढीन.

मग बाईंनी विचारलं, "कुठल्या झाडावर बसणार, हे कुणाला सांगून जातोस?"

घरी तुला सांगायचो. म्हणून बाबा मचाणावरून पडले तेव्हा तू सरळ त्याच ओकच्या झाडापाशी गेलीस. "इथे कुणालाच नाही," मी म्हटलं.

"मग मला सांग," त्या म्हणाल्या. "अंधारापर्यंत परतला नाहीस तर आमच्या म्हाताऱ्याला पाठवते. शिव्या घालत येईल, पण येईल."

मी कागदावर ओढा आणि माझं पाइनचं झाड नीट काढून दिलं. कागद गल्ल्यामागे चिकटवताना त्या म्हणाल्या, "खाली नाव लिही की, पोरा." गिरणीबाहेर तीन महिन्यांत माझं नाव पहिल्यांदाच कुणी विचारलं.

बाबांना माझी आठवण सांग.

तुझा,
वेंडल