एक्क्याण्णव सालचा मेत्सो

२४ एप्रिल, संध्याकाळी ७
कुह्मोच्या जंगलातल्या केबिनमध्ये पोचलो. सलग तिसरं वर्ष. बरोबर पक्षीमंडळाची तूलिक्की, दातांचा डॉक्टर ओस्मो आणि माझी मेहुणी सिर्पा. उद्या पहाटे मेत्सोचा नाच. टर्कीएवढा काळा रानकोंबडा, शेपटीचा पंखा करून माद्यांसमोर मिरवतो. मी एक्क्याण्णव सालीच पाहिलाय. यांना मार्गदर्शन करायचं ठरवलंय.
ओस्मोने विचारलं, तुम्ही पाहिलात तेव्हा किती लांब होता? म्हटलं, हातभर. त्याने तूलिक्कीकडे पाहिलं. का पाहिलं?

२५ एप्रिल, सकाळी ९
पहाटे तीनपासून पक्ष्यापासून लपायच्या तंबूत. झोप लागली नव्हती, डोळे मिटून कानोसा घेत होतो. उघडले तर तिघं कुजबुजतायत: काय नाचला! तिघांचे शब्द तंतोतंत तेच. पढवल्यासारखे. सिर्पा म्हणे, भाऊजी, तुमच्या घोरण्याला तो उत्तर देत होता.
मी घोरत नाही. बायको म्हणते घोरतो, पण ती सिर्पाचीच बहीण.

दुपारी २
ओस्मोने फोटो दाखवला. मेत्सोच्या शेजारी तंबूबाहेर आलेला माझा बूट. आजकाल कॉम्प्युटरवर काहीही करता येतं.
ठराव: उद्या टक्क जागं राहायचं. कॉफीचे दोन थर्मास.

२६ एप्रिल, सकाळी ८
टक्क जागा होतो. दोन थर्मासांमुळे पावणेचारला बाहेर जावं लागलं. तूलिक्की म्हणाली, तंबूतून हलायचं नाही. तिला सांगायला काय जातंय!
गुडघाभर बर्फातून झाडामागे गेलो. मागून टक्टक्, टक्टक्. वळलो. तो.
मान ताठ, डोळ्यावर लालभडक भुवई. सरळ अंगावर आला. पोटरीवर चोच मारली. अर्धवट विजारीत तंबूकडे पळालो, तो मागे. पडलो. तो शेजारी उभा राहून नाचला.
आणि मी ओरडलो, पाहिला! आयुष्यात पहिल्यांदा पाहिला!


सकाळी १०
पोटरीला पट्टी बांधली. तिघं एकमेकांकडे बघत होते. कट आहे, असं मी तोंडावर म्हटलं. सिर्पा म्हणाली, आहेच भाऊजी. एक्क्याण्णवचं आम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे. तुम्हाला एकदा तरी खराखुरा दिसावा, म्हणून तर तीन वर्षं येतोय. तुम्ही दर वेळी झोपता.
म्हणजे माझा संशय बरोबर होता.
तूलिक्कीने विचारलं, कसा होता, सांगा ना. सांगायला बसलो. काळा होता, म्हटलं. मोठा होता. पुढे काही सुचेना.
एक्क्याण्णवचा किती छान सांगायचो.