तपासणाऱ्याची सही

अण्णा,

तुम्ही जाऊन दहा वर्षं होत आली आणि तुमच्याशी भांडायला मला आज सवड झालीय. पाय सुजलेत, चहा पुढ्यात गार झालाय, घरात कुणाशी बोलायचं त्राण नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही मध्येच तोंड घालणार नाही, एवढा एक फायदा.

कळंबच्या रस्त्यावरचं आपलं दूध शीतकरण केंद्र आठवतंय ना? फोन एकच, त्यालाही कुलूप. सकाळी सहाला टेम्पो लागायचे, कॅन धक्क्यावर उतरायचे आणि तुम्ही एकेक झाकण उघडून वास घ्यायचात. मान हलवलीत की दूध टाकीत, नाही तर कॅन परत. मी आत नळ्या धुवायची. डोंगरातली, नाचणीची भाकरी आणणारी, त्यात बाई. धक्क्यावर हिचं काय काम, असं सगळ्यांचं मत. जेवायलाही मी खिडकीपाशी एकटी. तिला तिथंच बरं वाटतं, असं मंडळींनी परस्पर ठरवून टाकलेलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

मग एकदा तुम्हाला जबर सर्दी झाली. नाक बंद, म्हणजे केंद्रच बंद. तुम्ही आत आलात आणि म्हणालात, चल बाहेर. मी उघडलेला तिसराच कॅन आंबूस निघाला. बाईच्या सांगण्यावरून दूध माघारी न्यायचं का, म्हणून त्याचा मालक हसायला लागला. तुम्ही रुमालात नाक शिंकरत म्हणालात, "नाक बाईचं आसू दे न्हाय तर बाप्याचं, नासलं ते नासलं. ती सांगंल ते. उचला कॅन, पावणं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं त्या दिवशी. सर्दी गेली तरी तुम्ही मला धक्क्यावरच ठेवलंत. दुपारी डबा घेऊन खिडकीपाशी आलात, न विचारता माझ्या भाकरीचा तुकडा मोडलात, लई कोरडी म्हणालात आणि आणखी एक मोडलात. हळूहळू बाकीचेही तिकडं सरकले.

आणि मग तो कॅन. मोठ्या बागायतदाराचा. तुम्ही दुसऱ्या टेम्पोपाशी होता. वास मला आला होता, अण्णा, चांगला आला होता. पण तो अंगावर आला, माझ्या दुधाला नाव ठेवतीस का म्हणून, आणि मी घाबरले. मी मान हलवून कॅन आत घेतला. दुपारी अख्खी टाकी नासलेली निघाली. मॅनेजर रजिस्टर घेऊन आले, तपासणाऱ्याच्या सहीचा रकाना रिकामा. मी पुढं व्हायच्या आत तुम्ही खिशातून पेन काढून सही केलीत. म्हणालात, "म्या घेतला व्हता वास." मला नंतर एवढंच बोललात, की धाक वाटला तर हाक मारायची, गप बसायचं न्हाय. आणि काही दिवस आत बस. त्या काही दिवसांची तीन वर्षं झाली. मला वाचवायच्या नादात त्या एका सहीनं तुम्ही कागदावर लिहून दिलंत की मी धक्क्यावर नव्हतेच. अहो, चूक माझी होती, ती तरी माझ्या नावावर राहू द्यायची होतीत.

आता त्याच धक्क्याची प्रमुख मी आहे. आमच्याकडे एक बाई आलीय, कुबडी घेऊन चालते. नाक तुमच्यासारखं. तिला आत लिहायच्या टेबलाशी बसवा, तिथंच बरं तिला, असं सगळे म्हणाले. तिच्यासाठी धक्क्यावर एक स्टूल ठेवायचं तर मला चार महिने भांडावं लागलं. स्टूल! कंटाळा येतो हो. तुम्ही एका सर्दीत केलंत ते मला मीटिंगा घेऊन जमत नाही.

आज सकाळी एकजण तिच्यावर ओरडला आणि तिनं नासका कॅन आत घेतला. टाकी गेली. मॅनेजर कमरेला मोबाइल लावून आले, रजिस्टर उघडलं. माझा हात आपोआप पेनाकडं गेला. माझ्या नावाचं पहिलं अक्षरसुद्धा उमटलं होतं. मग ते खोडलं आणि पेन तिच्या हातात दिलं. तिनं सही केली आणि रडली. उद्यापासून हिला आत बसवा, मॅनेजर म्हणाले. मी म्हटलं, "सही तिची हाय, म्हंजी धक्का बी तिचाच. उद्या त्याच माणसाचा कॅन तीच उघडंल." तासभर हुज्जत झाली. शेवटी "तुमच्या जबाबदारीवर ठेवा तिला" असं मला म्हणून ते गेले. ती माझ्याशी न बोलता घरी गेली. उद्या येईल का, माहीत नाही. नाही आली तर तुम्ही बरोबर आणि मी दुष्ट, असं म्हणायची पाळी येईल.

हा कागद कुठं पाठवू? घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवते. एक मात्र सांगून टाकते. तुम्ही सही केलीत तेव्हा मला राग आला, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. राग नंतर आला, अण्णा. त्या वेळी मला हायसं वाटलं होतं.