मी घासून टाकलेला समुद्र

तीर्थस्वरूप मामांना दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या अंगठ्याला पट्टी आहे, पण नमस्कार पूर्ण आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझी नोकरी शनिवारपर्यंत टिकली तरी खूप, आणि यात माझी तिळमात्र चूक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही मला या प्रयोगशाळेत चिकटवलंत तेव्हा वरकाम आहे एवढंच म्हणालात. समुद्राबद्दल चकार शब्द काढला नाहीत. इथे एक मोठा हौद आहे. त्याच्या तळाशी भोंगा बसवला आहे, आणि तो वाजवणाऱ्या माणसालाही सगळे भोंगाच म्हणतात (दोघांपैकी यंत्र कमी बोलतं). खालून आवाज सोडायचा आणि तो पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून कुठे कुठे जातो, हे बुडवलेल्या माइकांनी ऐकायचं, हा यांचा उद्योग. पाणी संथ असेल तर आवाज भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखा ठरल्या दिशेने परततो. खवळलेलं असेल तर फुटलेल्या पिशवीतल्या वाटाण्यांसारखा चहूकडे उधळतो. पाणबुडीतल्या माणसांना हे कळून फार उपयोग होतो म्हणे. आता खऱ्या लाटा मोजमापासाठी थांबून राहत नाहीत. म्हणून यांनी थर्माकोलचा भला मोठा तक्ता कोरून घेतला होता. त्याच्या एका अंगाला खवळलेला समुद्र, पण न हलणारा. ते अंग खाली करून तक्ता पाण्यावर तरंगत ठेवतात.

हे सगळं मला आता कळलं. त्या दिवशी भिंतीला टेकवलेला तक्ता दाखवून इथल्या प्रमुख मॅडम फक्त म्हणाल्या, "यावर शेवाळ धरलंय, पुसून ठेव." मी पुसला. पुसताना हाताला खरखर लागली. मामा, दहावीनंतर शाळा सुटली तेव्हापासून तुमच्या सुतारकामाच्या गाळ्यात मला एकच गोष्ट शिकवली गेली, की हाताला खरखर लागली तर काम अर्धवट आहे. (आमच्या जेवणाच्या टेबलाचा विषय मी इथे काढत नाही.) कुणीतरी अर्धवट सोडलेलं काम माझ्याच्याने बघवेना. दुपारभर पॉलिश पेपर मारला, अंगठा सोलवटला, पण तक्ता असा केला की माशी बसली तरी घसरावी.

दुसऱ्या दिवशी भोंगा दोन्ही अर्थांनी बोंबलत होता. आवाज सरळ जाऊन सरळ परत! त्याने वायरी बदलल्या, माइक बदलले, माझ्याकडे संशयाने पाहिलं. शेवटी मॅडमनी तक्ता उलटा करायला लावला. मी मागे उभा होतो, शाबासकीच्या तयारीत. मॅडम ओरडल्या नाहीत, हेच वाईट. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "अरे बाळा, तू समुद्र घासून टाकलास."

मग चार दिवसांत नवा समुद्र तयार कर, नाहीतर घरी जा, असा हुकूम झाला. आधीचाच हुबेहूब नको, कुठलाही खवळलेला चालेल. मी पट्टी लावून, खुणा करून, जीव ओतून कोरला. पण माझ्या हातून लाटासुद्धा एका उंचीच्या, एका अंतरावर, शाळेतल्या कवायतीसारख्या उभ्या राहिल्या. आवाजही रांगेने ठरावीक दिशांनाच निघाला. "हा समुद्र आहे की बिस्कीट?" असं भोंगा सगळ्यांसमोर म्हणाला. मला सांगा, नीट काम करणं हा या जगात गुन्हा झाला आहे का?

असो. मामींना नमस्कार, धाकटीला गोड पापा.

तुमचा भाचा

ता. क. मॅडमना मी सांगून बसलो आहे की माझे मामा ओबडधोबड कामात पारंगत आहेत. पुरावा म्हणून तुम्ही केलेल्या आमच्या टेबलाचं वर्णन केलं. त्यावर सांडलेला चहा दर वेळी वेगळ्याच माणसाच्या मांडीवर जातो, हे ऐकून त्या उठून उभ्याच राहिल्या. तरी शुक्रवारी कोरणी घेऊन यावं. कृपया मन लावून काम करू नये. नेहमीसारखंच करावं.

आणखी एक. जमलं नाही तरी माझा राग नाही. मी गेल्यापासून गाळ्यातली कामं वेळेवर बाहेर पडतात, असं मामी आईला फोनवर म्हणाल्या (फोन स्पीकरवर होता). नोकरी गेली तर मी रविवारी सकाळीच तुमच्याकडे पुन्हा कामाला हजर होईन. पॉलिश पेपर पुष्कळ उरला आहे.